श्रेय कोणाचें?



कल्याण आणि डोंबिवली हीं मुंबईच्या कचेऱ्यांना माणसें पुरविणारीं शहरें. सकाळच्या गाडींत उभें राहण्यापुरती जागा मिळाली तरी भाग्य समजावें; आणि ती मिळाल्यावर शेजारच्या मंडळींचें बोलणें कानीं पडतेंच. तें ऐकल्याचा दोष माझा नव्हे, गर्दीचा आहे. मी एक सेवानिवृत्त शिक्षक. महिन्यांतून एकदां कांहीं कामानिमित्त ठाण्यास जातों, आणि तेवढ्या प्रवासांत जगाची बरीच वार्ता मला फुकट मिळते.

गेल्या महिन्यांत असाच उभा असतां एका तरुणाची हकीकत ऐकिली. एका व्यापारी कचेरींत तो नोकर आहे. मालाच्या पावत्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातांना चार चार दिवस अडकून पडत. या गृहस्थानें महिनाभर रात्रीं घरीं बसून, कोणती पावती कोठें व किती काळ थांबते याचा तक्ता तयार केला, आणि मधलीं दोन टेबलें वगळावीं असें सुचविलें. त्याच्या साहेबांनीं तक्ता ठेवून घेतला. पंधरवड्यानें मोठ्या साहेबांपुढें सभा भरली. तींत तोच तक्ता साहेबांच्या नांवानें पडद्यावर झळकला, टाळ्या पडल्या, आणि बाहेर आल्यावर साहेब या तरुणास म्हणाले, “पाहिलेंस? तूंही असा विचार करायला शीक!”

डब्यांतील मंडळी खो खो हसली. परंतु हसूं ओसरल्यावर जो तो आपली तसलीच एक गोष्ट सांगूं लागला, आणि मुंब्रा येईपर्यंत त्या डब्यांत सहासात गाऱ्हाणीं मांडून झालीं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण आपल्या आज्यांनीं कचेऱ्या पाहून रचलेली नाहीं. तरी कचेरींत ती जशी लागू पडते तशी अन्यत्र क्वचितच पडेल. याच विषयाचा थोडा विचार आज आपल्यापुढें मांडणार आहें.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. कोणी म्हणेल, नोकर पगार घेतो, पगाराच्या मोबदल्यांत आपली बुद्धि विकतो. मग विकलेल्या वस्तूवर नांव कोणाचें, हा प्रश्नच कशाला? गवंड्यानें भिंत बांधिली म्हणून घराला गवंड्याचें नांव देत नाहींत. हा युक्तिवाद अगदींच पोकळ आहे असें मी म्हणणार नाहीं. वस्तु मालकाची झाली हें खरें. परंतु ‘ही भिंत कोणाची?’ आणि ‘ही भिंत कोणीं बांधिली?’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचें उत्तर पैशानें बदलतें; दुसऱ्याचें उत्तर ब्रह्मदेवालाहि बदलतां येत नाहीं. भिंतीचा मालक ‘ही भिंत माझी’ म्हणाला, तर त्याचें म्हणणें यथार्थ आहे. तोच जर ‘ही मीं रचिली’ असें म्हणूं लागला, तर तें असत्य आहे, आणि गवंड्याची मजुरी पै न् पै चुकती केली असली तरी असत्यच आहे. सगळा घोटाळा या दोन प्रश्नांची सरमिसळ केल्यानें होतो.

आपल्या मराठी विद्येच्या इतिहासांतील एक उदाहरण घेऊं. एखाद्या जुन्या शब्दाविषयीं वाद पडला, कीं आमचे गुरुजी म्हणत, “मोल्सवर्थ काढून पाहा.” मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबई सरकारसाठीं १८३१ सालीं प्रसिद्ध झाला. त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली आणि तींत सुमारें साठ हजार शब्द आहेत. आज इतक्या वर्षांनींहि त्यावांचून अभ्यासकाचें चालत नाहीं. मुखपृष्ठावर कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ यांचें नांव असून त्यांचे साहाय्यक म्हणून थॉमस व जॉर्ज कँडी या बंधूंचीं नांवें आहेत. परंतु क्षणभर विचार करा. कोंकणांतल्या कुळवाड्याच्या तोंडचा शब्द, देशावरच्या बलुतेदाराच्या हत्याराचें नांव, बायकांच्या ओव्यांतलें एखादें गोड रूप, हे सगळे शब्द एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला कोणीं आणून दिले? कोणीं त्यांचे अर्थ उलगडले, शुद्धाशुद्ध ठरविलें, संस्कृत मूळ दाखविलें?

तें काम शास्त्रीमंडळीनें केलें. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले इत्यादि पंडित कोशाच्या कामावर सरकारी नोकरींत होते. त्यांनीं जमविलेल्या सामग्रीवर ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ हा मराठीचा मराठींतच अर्थ सांगणारा ग्रंथ १८२९ पासून छापून निघूं लागला, आणि त्यावर मात्र या पंडितांचीं नांवें आहेत. म्हणजे मोल्सवर्थसाहेबांना चोर ठरविण्याचें कारण नाहीं. पंडितांचें साहाय्य त्यांनीं लपविलें नाहीं, आणि शब्दांच्या सूक्ष्म छटा इंग्रजींत उतरविण्याचें अवघड काम तर निःसंशय त्यांचें व कँडीबंधूंचें. तथापि परिणाम पाहा. इंग्रज अधिकाऱ्याचें नांव सामान्य नामासारखें आपल्या जिभेवर रुळलें. घगवेशास्त्र्यांचें नांव आज किती मराठी शिक्षकांना ठाऊक असेल? मला स्वतःला तें वयाच्या पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतें, हें सांगतांना लाज वाटते. गोडबोल्यांचें नांव राहिलें, पण तें ‘नवनीत’ या काव्यसंग्रहामुळें. येथें कोणीं कोणाचें कांहीं हिरावून घेतलें नाहीं, आणि तरीहि एकाचें नांव वाढलें व दुसऱ्यांचें विरघळलें. मुखपृष्ठावर जागा थोडी असते आणि लोकांच्या स्मरणांत त्याहून थोडी. तेथें वरचा माणूस तेवढा मावतो.

जेथें मुद्दाम खोडरबर फिरविलें गेलें, असें उदाहरण पाहावयाचें तर बंगालकडे जावें लागतें. राधानाथ सिकदार नांवाचा अठरा वर्षांचा तरुण १८३१ सालीं हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीखात्यांत गणक म्हणून दरमहा तीस रुपयांवर लागला, आणि पुढें कलकत्त्याच्या कचेरींत मुख्य गणक झाला. हिमालयाच्या पंधराव्या शिखराची उंची २९,००२ फूट असून तें जगांतील सर्वोच्च होय, असें खात्याचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनीं १८५६ सालीं जाहीर केलें. या गणितांत सिकदारांचा वांटा मोठा होता. आजच्या मोजणीशीं तो आंकडा ताडून पाहिला, तर फरक जेमतेम तीस फुटांचा निघतो. शिखराला मात्र नांव मिळालें तें एव्हरेस्ट यांचें. हे खात्याचे पूर्वीचे प्रमुख १८४३ सालींच सेवानिवृत्त होऊन गेले होते. येथेंहि न्यायबुद्धीनें बोलावयाचें तर, डोंगराची उंची एकट्या माणसाचें काम नव्हे. यंत्र खांद्यावर वाहून नेणारे हमाल, निरीक्षणें घेणारे अधिकारी व आंकडेमोड करणारे अनेक गणक, इतक्यांचे हात त्यास लागले होते. सिकदार धांवत धांवत साहेबांच्या खोलींत गेले, ही जी गोष्ट सांगतात, ती गोष्ट म्हणूनच ऐकावी.

परंतु दुसरी हकीकत ऐका. ती कमी प्रसिद्ध आहे आणि माझ्या मतें अधिक बोलकी आहे. १८५१ सालीं थुइलियर व स्मिथ या दोन अधिकाऱ्यांनीं मोजणीशास्त्रावर एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यांतील गणिताचे कठीण भाग सिकदारांनीं लिहिले होते, आणि प्रस्तावनेंत तसें मोकळ्या मनानें नमूदहि केलें होतें. सिकदार १८७० सालीं वारले. १८७५ सालीं ग्रंथाची तिसरी आवृत्ति निघाली, तींत त्यांचे भाग राहिले, पण प्रस्तावनेंतील त्यांचें नांव गळलें! ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या इंग्रजी पत्रानें १८७६ सालीं या प्रकारावर कडक टीका केली, हें इंग्रजांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. जिवंत माणूस निदान कुरकुर करूं शकतो. मेलेल्याचें नांव काढावयास एक छापखाना पुरतो.

याच्या उलट एक गोष्ट. बोटांच्या ठशांचें वर्गीकरण करण्याची जी पद्धति जगभर ‘हेन्री पद्धति’ म्हणून गाजली, तिच्या मागें कलकत्त्याचे दोन पोलिस कर्मचारी होते, अझिजुल हक आणि हेमचंद्र बोस. सर एडवर्ड हेन्री यांनीं १९०० सालीं त्यावर पुस्तक लिहिलें व नांव मिळविलें. पण पुढें १९२६ सालीं त्यांनीं इंडिया ऑफिसला लेखी कळविलें कीं, ही पद्धति पूर्णत्वास नेण्यांत माझ्या कोणत्याहि साहाय्यकापेक्षां हक यांचा वांटा अधिक होता. पाव शतकानें कां होईना, लिहून दिलें. हें कितीजणांच्या हातून होतें?

आतां वरिष्ठ असें कां करितात, इकडे वळूं. सगळेच लबाड असतात असें मानणें सोपें आहे, परंतु चाळीस वर्षें शाळेंत काढिल्यावर माझें मत निराळें झालें आहे. कांहीं थोडे उघड लबाड असतात. त्यांच्याविषयीं बोलण्यासारखें फारसें नाहीं. आयत्या बिळावरचा नागोबा तो नागोबाच. बहुतेकांचें मात्र असें होतें, कीं कल्पना कानांतून शिरते आणि आंत गेल्यावर कोणाच्या तोंडून आली तें गळून पडतें. वस्तु लक्षांत राहते, दुकान विसरतें. अमेरिकेंत १९८९ सालीं ब्राउन व मर्फी या मानसशास्त्रज्ञांनीं याचा सोपा प्रयोग केला. माणसांना एकत्र बसवून एकेका प्रकारच्या वस्तूंचीं नांवें पाळीपाळीनें सांगावयास लाविलीं, आणि नंतर ‘तुम्हीं स्वतः सांगितलेलीं तेवढींच सांगा’ असें विचारलें. तेव्हां दुसऱ्यानें सांगितलेलीं नांवें कांहीं जणांनीं आपलीं म्हणून प्रामाणिकपणें सांगितलीं. तेथें ना पगारवाढ होती ना बढती. मग जेथें या दोनही गोष्टी आहेत, तेथें स्मरणशक्ति किती सोयीस्कर होत असेल, याची कल्पना करावी.

दुसरें कारण कचेरीच्या रचनेंतच आहे. वरच्या सभेंत खालच्या माणसास बसावयाला खुर्ची नसते. जो आंत बसतो तोच बोलतो, आणि जो बोलतो त्याचेंच तें मत ठरतें. ‘आम्हीं असें ठरविलें’ यांतला ‘आम्ही’ हा शब्द मोठा फसवा आहे. आपल्या मराठींत तो आदरार्थी एकवचनहि आहे आणि खरें अनेकवचनहि. साहेबांच्या मनांत एक असतें, ऐकणारे दुसरें समजतात. शिवाय हेंहि विसरूं नये, कीं सही करणारा जबाबदारी घेत असतो. कल्पना फसली तर वरच्यांचा राग त्याला सोसावा लागतो, निदान लागावा. म्हणून मी एक कसोटी लावतों: योजना बुडाली असतां साहेबांनीं तीहि ‘माझीच’ म्हणून पत्करिली काय? पत्करिली असेल, तर यशाच्या वेळीं त्यांनीं थोडें अधिक घेतलें तरी मी त्यांना क्षमा करीन. यश आलें कीं ‘मी’ आणि अपयश आलें कीं ‘तो अमुक कारकून’, असें बोलणाऱ्याला कोणती क्षमा?

कायदा याबाबतींत काय म्हणतो, असें त्या गाडींतील तरुणानें विचारलें होतें, आणि कोणालाच उत्तर येईना. मी घरीं येऊन पुस्तकें चाळलीं. आपल्या देशाचा १९५७ सालचा लेखाधिकाराचा कायदा म्हणतो, कीं नोकरीच्या कामांत लिहिलेल्या लेखनाचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणारा होय. परंतु त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमानें लेखकाला, हक्क विकल्यानंतरहि, ‘हें मीं लिहिलें’ असें म्हणण्याचा अधिकार राखून ठेविला आहे. १९७० सालच्या पेटंटच्या कायद्यांतहि, मालकी दुसऱ्याकडे गेली तरी शोध लावणाराचें नांव पेटंटवर घालण्याची सोय आहे. त्यामुळें पैशाचा हक्क मात्र वाढत नाहीं. पाहा, गवंड्याच्या भिंतीचे ते दोन प्रश्न कायद्यानेंहि निरनिराळेच ठेविले आहेत. पण त्या तरुणाचें समाधान यानें व्हावयाचें नाहीं. त्यानें आंखलेल्या तक्त्याला कदाचित् कायदा ओळखील. ‘मधलीं दोन टेबलें वगळा’ या नुसत्या कल्पनेला कोणताहि कायदा ओळखत नाहीं. आणि कचेरींतून चोरीस जाते ती बहुधा अशी नुसती कल्पनाच.

जपानांत या प्रश्नानें मोठें वादळ उठविलें होतें. शुजी नाकामुरा नांवाच्या अभियंत्यानें एका कारखान्यांत नोकरीस असतां निळा प्रकाश देणारा दिवा सिद्ध केला. आज आपल्या घरांतले पांढरे दिवे ज्या शोधावर चालतात तोच हा. बक्षीस म्हणून त्याला वीस हजार येन मिळाले होते. एवढ्यांत घरचीं चार माणसें बरें जेवतील इतकेंच. त्यानें फिर्याद केली, तेव्हां टोकियोच्या न्यायालयानें २००४ सालीं वीस अब्ज येन द्यावे असा निकाल दिला. पुढें २००५ सालीं चौऱ्याऐंशी कोटी येनांच्या आसपास तडजोड झाली, आणि २०१४ सालीं त्याला दुसऱ्या दोन शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. पण फिर्याद करण्याइतकें ज्याचें काम मोठें आहे, अशीं माणसें किती? सामान्याचा आधार एकच, कागद. सरकारी दप्तराची आपण पुष्कळ थट्टा करितों; परंतु जुन्या पद्धतीच्या फायलींत कारकुनाची टिप्पणी, तिच्याखालीं त्याची आद्याक्षरें व तारीख, मग अव्वल कारकुनाचा शेरा, आणि शेवटीं साहेबांची सही, अशी सगळी उतरंड जागच्या जागीं राहते. बाहेर जाणारें पत्र साहेबांच्या नांवें जातें, पण विचार कोणाचा होता तें फाईल उघडणाराला शंभर वर्षांनींहि कळतें. त्या तरुणानें तक्ता हातांत नेऊन न देतां तारखेसह पत्र जोडून दिला असता, तर! कल्याण स्टेशनावर ही गोष्ट मीं त्याला सांगितली. तो म्हणाला, “काका, तें पत्र घेतांना साहेब मला काय म्हणाले असते, तें तुम्हांला ठाऊक नाहीं.” त्याचेंहि खरें.

आतां माझी स्वतःची एक गोष्ट सांगतों. ती सांगावी कीं न सांगावी याचा विचार मीं दोन दिवस केला.

कल्याणच्या सखल भागांतील एका शाळेंत मी वरिष्ठ शिक्षक होतों. शाळेचें जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याची जन्मतारीख, जात, दाखल झाल्याचा दिवस ज्यांत नोंदलेला असतो तीं जाडजूड पुस्तकें, तळमजल्यावरच्या कपाटांत खालच्या कप्प्यांत असत. हीं पुस्तकें गेलीं, तर साठ वर्षांपूर्वींच्या मुलाच्या नातवालाहि दाखला मिळावयाचा नाहीं. २००४ च्या पावसाळ्यांत भिंतीला ओल आली. त्यानंतर मीं मुख्याध्यापकांना सुचविलें, कीं हीं पुस्तकें पत्र्याच्या पेटींत घालून वरच्या मजल्यावरील माळ्यावर ठेवावीं. तसें झालें. पुढल्या वर्षीं २६ जुलैचा तो पाऊस आला. मुंबईंत सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पडला, आणि आमच्या कल्याणांतहि घराघरांत पाणी शिरलें. शाळेच्या तळमजल्यावर छातीइतकें पाणी होतें. कपाट फुगून फुटलें. पुस्तकें कोरडीं राहिलीं.

दोन महिन्यांनीं मुख्याध्यापकांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि त्यांच्या दूरदृष्टीवर तीन भाषणें. उत्तरादाखल बोलतांना ते म्हणाले, “माझ्या मनांत आलें...” मी पहिल्या रांगेंत बसलों होतों, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरीं येऊन मीं मंडळींना सगळें ऐकविलें. पत्नीनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “पण पेटींत ठेवायचं तुम्हांला सुचलं कसं? आपल्या घरचे कागद तर अजून खालच्या फळीवरच आहेत.”

तिच्या प्रश्नानें मी गप्प झालों. कारण तें मला सुचलेंच नव्हतें. २००४ च्या श्रावणांत, भिंतीची ओल पुसतां पुसतां आमचे शिपाईमामा म्हणाले होते, “गुरुजी, हीं बुकं माळ्यावर पेटींत घाला, नाहीं तर एक दिवस वाहून जातील.” मीं ‘हं’ म्हटलें, आणि चार दिवसांनीं मुख्याध्यापकांपुढें जाऊन उभा राहिलों. ‘माझ्या मनांत असें आहे,’ हेच शब्द मींहि वापरले होते. सत्काराच्या दिवशीं मामा मंडपांत खुर्च्या मांडीत होते.

मीं तेव्हां कांहीं केलें नाहीं. मामा २०११ सालीं निवृत्त झाले, तेव्हां निरोपाच्या भाषणांत मीं ही हकीकत सर्वांसमक्ष सांगितली. सहा वर्षें उशिराच. मुख्याध्यापक तोंवर बदलले होते. नव्यांनीं टाळ्या वाजविल्या. कार्यक्रम संपल्यावर मामांना बाजूला घेऊन मीं विचारलें, “मामा, तुम्हांला त्या वेळीं वाईट वाटलें असेल.” ते म्हणाले, “बोललों होतों होय मी? तें कांहीं आठवत नाहीं, गुरुजी. पण ती पेटी आमच्या घरची. शाळेनं नवी आणतों म्हणून सांगितलं होतं, ती कांहीं आली नाहीं.”

ती पेटी अजून शाळेच्या माळ्यावर आहे. पुस्तकें तींतच आहेत, म्हणून ती परत देतां येत नाहीं. मीं मामांना दुसरी घेऊन दिली. ती त्यांनीं दोनदां नाकारली आणि तिसऱ्यांदा ठेवून घेतली.